दुसरा आवाज

भाच्यानं ऑकलंडहून पत्रिका पाठवली तेव्हा कांदिवलीत पहाटेचे साडेपाच वाजले होते. त्याच्याकडे भर दुपार. त्याला आपल्या घड्याळाचं भान नसतं आणि मला त्या वेळी झोप नसते, म्हणून आमचं बरं जमतं. फोटोखाली एकच ओळ होती : ‘आत्या, बघ गं, जुळतंय का.’

चष्मा शोधला, गॅलरीत गेले, फोटो मोठा करून पाहिला. जपानी अक्षरांनी गच्च भरलेला कागद, त्याची झेरॉक्स, त्या झेरॉक्सचा फोटो. वरच्या कोपऱ्यात चौकटीत ४ चा आकडा. खाली एका मोटारीचं चित्र. जीवशास्त्राच्या तासाला बेडूक उलगडून टाचण्यांनी खिळवायचे, तशी ती दारं, टप, बोनेट, डिकी पसरून पडलेली. आणि अंगावर जागोजागी तिळाएवढी अक्षरं : ए१, यू१, डब्ल्यू२.

जपानमध्ये जुन्या मोटारींचे लिलाव होतात आणि तिथला तपासनीस प्रत्येक गाडीची अशी पत्रिका मांडतो. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा. डब्ल्यू म्हणजे पत्रा ठोकून रंगवल्यावर उजेडात तिरकं पाहिलं की जी हलकीशी लाट दिसते ती. एस म्हणजे गंज. गंजाला जपानीत ‘साबी’ म्हणतात, त्याचा एस. पुढचा आकडा दोषाचा आकार सांगतो. आणि गुणांच्या चौकटीत आकड्याऐवजी आर आला, तर गाडी अपघातातून सांधून आणलेली. आपल्याकडे पत्रिकेत मंगळ निघाल्यावर बैठकीत जी शांतता पसरते, तीच आर दिसल्यावर पसरते. मात्र हा ज्योतिषी बॅटरी घेऊन गाडीखाली आडवा झालेला असतो, त्यामुळे त्याच्यावर थोडा जास्त विश्वास ठेवायला हरकत नाही.

मी शाळेत गणित शिकवते. जपानीतलं एक अक्षर मला येत नाही, पण या पत्रिका मात्र सरावानं वाचता येऊ लागल्या. कितीतरी रात्री मी कधीही न येणाऱ्या गाड्यांचे ओरखडे वाचत बसले आहे. स्थळ येणार नाही हे माहीत असताना पत्रिका जुळवत बसण्यात एक निर्धास्त सुख असतं.

भाच्याची गाडी होती सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट, २००७ सालची, पिवळीजर्द. जपानहून न्यूझीलंडला ती काही वर्षांपूर्वीच आलेली. आधीच्या मालकानं लिलावाचा कागद जपून ठेवला होता. मला हसू आलं ते गाडीचा चेहरा पाहून. आमच्या ठाकूर व्हिलेजच्या गेटबाहेर हाच चेहरा दिवसातून शंभरदा येऊन उभा राहतो, मागच्या काचेवर टॅक्सी कंपनीचं स्टिकर लावून. स्विफ्ट आपल्याकडे २००५ च्या मे महिन्यात आली, १.३ लिटरचं इंजिन घेऊन. त्याच पत्र्याच्या आत तिकडे १.६ लिटरचं इंजिन बसवून १२५ अश्वशक्तीची स्पोर्ट काढली, ती आपल्याकडे आलीच नाही. जुळ्या बहिणींपैकी एक नाशिकला दिली आणि एक नागासाकीला, असं काहीतरी.

‘किती म्हणतोय?’ मी विचारलं.

‘दोन पगार,’ तो म्हणाला. ‘दोनही नाहीत, पावणेदोन.’

हे दोन पगारांचं गणित मला आतवर कुठेतरी लागलं, ते का लागलं हे सांगायचं तर जरा लांबून यावं लागेल.

जपानमध्ये ‘शाकेन’ नावाची सक्तीची तपासणी असते. नव्या गाडीला पहिली तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. ती खर्चिक असते, म्हणून दहा वर्षांची धडधाकट गाडीही तिथल्या माणसाला जड होते आणि तो ती लिलावात सोडतो. तिथून ती जहाजात बसते. जिथे रस्त्याची डावी बाजू आणि उजव्या हाताचं स्टिअरिंग चालतं, त्या देशांना तर ही आयतीच चंगळ. न्यूझीलंडनं १९९८ साली मोटारींवरचं आयात शुल्क पुरतं काढून टाकलं. त्याच वर्षी तिथले मोटारी जोडायचे कारखाने बंद पडले आणि साऱ्या देशानं जपानच्या जुन्या गाड्या आपल्याशा केल्या. आता माझा भाचा, जो कांदिवलीत असताना सायकलची चेनही मला बसवायला सांगायचा, वर्षातून एकदा तपासणीचं स्टिकर काचेवर लावून घेतो आणि बिनधास्त फिरतो.

आपल्याकडेही डावीच बाजू आणि उजवंच स्टिअरिंग. पण जुनी गाडी बाहेरून आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको, तिच्यावरचा कर तिच्या किमतीहून जास्त, आणि उतरवायची ती फक्त मुंबई बंदरात. गंमत बघा, साऱ्या देशात जुन्या गाड्यांना एकच दार उघडं, तेही आमच्या लोकल लाइनच्या टोकाला; आणि त्या दारातून आमच्यासारख्याला परवडेल असं काही कधी येत नाही. तीन वर्षांच्या आतली जपानी गाडी गरिबाची नसते. नव्याची तर गोष्टच नको. २०१६ च्या डिसेंबरात निसाननं जीटी-आर भारतात आणली तेव्हा तिची किंमत होती १ कोटी ९९ लाख. त्या दिवशी स्टाफरूममध्ये मी ती बातमी मोठ्यानं वाचली. कला शिक्षकांनी डबा उघडता उघडता विचारलं, ‘त्यात संडास-बाथरूम अॅटॅच्ड असतं का?’

म्हणून आमच्याकडे जपान आलं ते पेट्यांमधून, तुकड्यातुकड्यानं, दुसऱ्यांची नावं लावून. मारुती ८०० ही मुळात सुझुकीच. कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीची वन एटीन एनई आठवते? अंगानं इटालियन फियाट. एनई म्हणजे मात्र निसान इंजिन. कॉन्टेसाच्या पोटात पुढे इसुझू आलं. आमच्या चाळीसमोर एका डॉक्टरांची वन एटीन उभी असायची आणि आम्ही पोरं तिला ‘जपानी फियाट’ म्हणायचो, जसं एखाद्या बाईला तिच्या माहेरावरून ओळखावं. मग १९९८ आलं. चेन्नईजवळच्या तिरुवल्लूरहून मित्सुबिशी लान्सर आणि ग्रेटर नोएडाहून होंडा सिटी. न्यूझीलंडमधले कारखाने बंद झाले त्याच वर्षी आपल्याकडे या गाड्या जोडल्या जायला लागल्या. मला तारखांच्या असल्या योगायोगांचा नाद आहे, त्यातून सिद्ध काही होत नाही.

माझी गाडी त्या पहिल्या सिटीतलीच, १.५ व्हीटेक, २००२ च्या जूनमध्ये पासिंग झालेली, नंबर एमएच ०२. मी ती २०११ साली घेतली, १ लाख ६५ हजारांना, मालाडच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याकडून. त्यांनी किल्ली देताना डोळे पुसले नाहीत, पण सीट कव्हरं काढून घेतली. मी तिला जपानी म्हणून मिरवत होते. नंतर कळलं की ही सिटी आशियाच्या आपल्या बाजूसाठी बनवलेली, १९९६ साली आधी थायलंडमध्ये आली आणि जपानात कधी विकलीच गेली नाही. म्हणजे माझ्या जपानी गाडीनं जपान पाहिलेलं नाही, आणि तिच्या बहिणींनीही नाही. मला हे कळल्यावर ती जास्तच आवडायला लागली. कांदिवलीतल्या किती जणांनी आपल्या गावचं आडनाव लावून गाव पाहिलेलं नाही.

बाबा आकुर्ली रोडवरच्या महिंद्राच्या ट्रॅक्टर कारखान्यात होते. १९६३ साली अमेरिकी इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून तिथे ट्रॅक्टरचं काम उभं राहिलं, त्यानंतर दहाएक वर्षांनी ते लागले. बी-२७५ हा त्यांचा ट्रॅक्टर. आमच्या घरात तो एखाद्या काकासारखा वावरायचा : ‘आमच्या बी-टू-सेव्हन्टी-फाइव्हला असलं काही झालं नसतं.’ सुट्टीच्या दिवशी शेजारपाजारच्या स्कूटर नाहीतर पाण्याचे पंप त्यांच्याकडे यायचे. लाकडी मुठीचा लांब स्क्रू ड्रायव्हर होता त्यांचा. त्याचं पातं चालत्या इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग हळूच निदान : टॅपेट बोलतोय. बेअरिंग रडतंय. एकदा त्यांनी मलाही मूठ कानाला लावायला दिली. मी आठ वर्षांची असेन. मला आत पिठाची गिरणी ऐकू आली. तसं सांगितलं तर म्हणाले, ‘गिरणीत दगड नीट बसलाय की घासतोय, ते ऐक.’

मी सिटी घेतली तेव्हा त्यांना ती पटली नव्हती. बुटकी, हलकी, दार लावलं की डबा लावल्यासारखा आवाज. ‘पिकअप चांगला आहे,’ मी म्हणाले. ते म्हणाले, ‘पिकअप सगळ्यांनाच असतो गं. ओढ आहे का?’ ट्रॅक्टरवाल्या माणसाचा शब्द. वेगाशी त्यांना कर्तव्य नव्हतं. चिखलात रुतलेलं चाक बाहेर काढायला लागते ती ओढ.

व्हीटेक हे काय प्रकरण आहे ते मी त्यांना वहीवर काढून दाखवलं होतं. इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या झडपा असतात आणि कॅमशाफ्टवरचे उंचवटे त्यांना फिरता फिरता दाबून उघडतात. उंचवटा ठेंगणा ठेवला तर गाडी शहरात गुणी वागते, पण पळायला लागल्यावर तिला श्वास पुरत नाही. उंच ठेवला तर पळते झकास, पण सिग्नलला धापा टाकते. होंडाच्या इकुओ काजितानी या इंजिनिअरनं आणि त्यांच्या चमूनं दोन्ही ठेवले. ठेंगण्या दोघांच्या मधोमध एक उंच, एरवी रिकामाच फिरणारा. इंजिनाच्या फेऱ्या वाढल्या, इंजिन पुरतं तापलेलं असलं, की ऑइलचा दाब एक छोटी खीळ सरकवतो, उंचवट्यांखालचे तिन्ही दांडे एकमेकांत अडकतात आणि तिथून पुढे सगळे त्या उंचाच्या तालावर नाचतात. १९८९ च्या इंटिग्रामध्ये त्यांनी हे पहिल्यांदा केलं, १.६ लिटरमधून १६० अश्वशक्ती. माझीच्या १.५ मधून १०६, पण युक्ती तीच.

बाबांनी वहीकडे बराच वेळ पाहिलं. ‘म्हणजे मधला सगळा वेळ नुसताच फिरतो?’

‘हो.’

‘कामाशिवाय?’

‘हो.’

त्यांना ते फारसं रुचलं नाही. कारखान्यात असल्या माणसाचं काय होतं ते त्यांना माहीत होतं.

आता निगेचं. ती खीळ सरकते ऑइलच्या दाबानं, तेव्हा या गाडीचं सगळं दैव ऑइलवर. ऑइल घट्ट झालं, कमी झालं, मळलं, की उंचवटा आहे तिथेच आहे, पण त्याला कुणी हाक मारत नाही. गाडी बंद पडत नाही, काही नाही. फक्त तिचं अर्धं आयुष्य गुपचूप मिटतं आणि अनेक मालकांना ते कळतही नाही. माझं तसंच झालं होतं. पहिलं वर्षभर मी ठेंगण्या उंचवट्यांवर समाधानी होते. पोयसर नदीच्या कडेला एका गॅरेजमध्ये कणकवलीकडचे एक काका आहेत, त्यांनी इंजिनाच्या कडेचा एक भाग खोलला, आतली बोटाच्या पेराएवढी जाळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. काजळासारखी काळी. ‘ताई, ह्या जाळीतनं सगळो कारभार चालता,’ ते म्हणाले. पेट्रोलनं धुऊन उन्हात धरली तर पलीकडचा नारळ दिसला.

तेव्हापासून दर पाच हजार किलोमीटरला ऑइल. इतरांच्या गाडीचं ऑइल बदलायला येतं, माझीचं बदलायला मी वाट बघत असते. टायमिंग बेल्ट तर त्याहून नाजूक विषय. या इंजिनात पट्टा तुटला की उघड्या झडपा आणि वर येणारे पिस्टन एकमेकांवर आपटतात. मग खर्च असा, की माणूस गाडी विकून रिकामा होतो. माझा पहिला बेल्ट भिशीतून झाला. आम्ही बारा जणी, महिना दोन हजार. बाकीच्यांचा नंबर लागला की पैठणी, फ्रीज, मुलाची फी. माझा लागला की बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप. आमच्या भिशीत आता ‘हिचं काय तुटलं?’ असंच विचारतात.

सुटे भाग शोधायला कुर्ला-कलिन्याचा सीएसटी रोड. तिथे एकदा नव्या खोक्यात पॉलिश मारलेलं जुनं बेअरिंग मी विकत घेतलं आहे, अगदी घासाघीस करून, स्वतःवर खूश होऊन. आठवड्यात ते रडायला लागलं. तेव्हा कळलं की खोकं बघायचं नसतं, कड्यावर नख फिरवायचं असतं. काही वस्तू थायलंडहून येतात, कारण तिथे याच गाडीच्या बहिणी भरपूर. एकदा दाराची रबरं बँकॉकहून आली, आमच्याच सोसायटीतले एक गृहस्थ तिकडे फिरायला गेले होते त्यांच्या बॅगेतून. त्यांच्या बायकोला अजून वाटतं की त्यांनी बायकोसाठी काही आणलं नाही ते माझ्यामुळे.

पावसाळा हा वेगळाच ऋतू असतो गाडीवाल्यांना. खाडीची हवा आणि चार महिने ओल. दारांच्या बुडाशी पाणी निचरायला भोकं असतात, ती मातीनं बुजतात आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरून रंग शाबूत. मी ज्येष्ठात ती भोकं उदबत्तीच्या काडीनं मोकळी करते. मग उंदीर. पाऊस लागला की ते इंजिनाच्या उबेला येतात आणि वायरी कुरतडतात. काकांनी उपाय सांगितला, बोनेटमध्ये तंबाखूच्या पुड्या ठेवा. आता गणिताच्या बाई टपरीवर उभ्या राहून अर्धा डझन तंबाखू मागतात आणि मागे आठवी ब मधला एक मुलगा हातात दूध घेऊन उभा. तो दुसऱ्या दिवशी वर्गात इतका समंजसपणे माझ्याकडे बघत होता, की मीच नजर चुकवली.

एक वेडेपणाही केला आहे, तो लपवत नाही. २०१४ साली मी सायलेन्सर बदलला. हेडर नवीन, पाइप जाड, मागे चकचकीत डबा. गाडी कितीशी वेगवान झाली देव जाणे, आवाज मात्र असा झाला की आपण काहीतरी आहोत. तीन आठवडे. मग तिसऱ्या मजल्यावरच्या बा जिन्यात भेटल्या. ‘बेन,’ त्या त्यांच्या मराठीत म्हणाल्या, ‘तुमची गाडी येते ना, तर माझ्या मंदिरातली घंटी एकटी वाजते.’ मी जुना सायलेन्सर परत बसवला. सर्वोच्च न्यायालयानं नंतर, २०१९ च्या जानेवारीत, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर बोट ठेवून सांगितलं, की कंपनीनं बनवली आणि नोंदणीत लिहिली त्याहून गाडी वेगळी करता येणार नाही. बांनी हा निकाल पाच वर्षं आधीच दिला होता. पोरं इंजिनं बदलतात, स्प्रिंगा कापून गाडी जमिनीला टेकवतात, आणि मग आकुर्ली रोडचा प्रत्येक गतिरोधक त्यांच्या चेंबरवर सही करून जातो. मी त्यांना हसत नाही. २००३ साली सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून ती पडद्यावर रात्रीच्या ओल्या रस्त्यांवरून निळ्या दिव्यांच्या जपानी गाड्या पळवत होती. त्यातलं थोडंतरी खरं करून बघावंसं वाटणारच. पण माझ्यापुरतं ठरून गेलं : गाडीला जे देऊन ठेवलंय ते आधी सगळं चालू ठेवायचं. एवढ्यातच पगार संपतो.

तर तो आवाज.

२०१३ चा डिसेंबर. जाळी साफ, ऑइल नवं. पहाटे बाबांना घेऊन निघाले. ते तेव्हा चौऱ्याहत्तरचे. दहिसर नाका, काशीमिरा, मग वर्सोव्याचा पूल. खाली वसईची खाडी नुसती धुकं. बाबा पाय न पसरता, हात मांडीवर ठेवून, एसटीत बसावं तसे बसलेले. खानिवड्याच्या टोलनाक्यावर पैसे दिले. पुढे रस्ता मोकळा, सरळ, काळाभोर. ते एकदम म्हणाले, ‘जरा ओढ की.’

पहिला गिअर संपवला, दुसरा घेतला आणि पाय उचलला नाही. तीन हजार, चार हजार. तिथपर्यंत ती आपली नेहमीची, शाळेत जाणारी. काटा साडेचार हजारांच्या पुढे गेला आणि मधेच कुठेतरी पेटीवाल्यानं पांढरी सोडून काळी धरावी तसा आवाज उचलला गेला. चढला म्हणवत नाही, पट्टीच बदलली. गळा तोच, पण कुणीतरी दुसरंच गायला बसलेलं. वेग म्हणाल तर सत्तरच्या आसपास, बाजूनं एसटी सुद्धा आरामात गेली असती. मी तिसरा टाकला आणि तो आवाज मावळला.

बाबांनी तळहात डॅशबोर्डवर ठेवला होता. कधी ठेवला मला कळलं नाही.

‘हे दुसरं कोण बोललं?’ त्यांनी विचारलं.

मनोरला चहा प्यायलो. तिथे त्यांनी माझ्याकडून पुन्हा सगळं समजून घेतलं, बशीवर बोटानं तीन उंचवटे काढून. परतताना खानिवड्याला म्हणाले, ‘टोल मी भरतो,’ आणि पैसे देऊन झाल्यावर सरळ पुढे बघत बसले. मी पुन्हा दुसरा गिअर लांबवला. घरी येईपर्यंत ते गप्प होते. आकुर्ली रोडला वळताना, नेहमीच्या कोंडीत, म्हणाले, ‘इतकं चांगलं बोलते आणि तू हिला इथे कोंडून ठेवतेस.’ क्लच सोडत-दाबत आम्ही त्यांच्या कारखान्यावरून पुढे सरकलो. वर्षानुवर्षं रोज ज्या गेटातून ते आत गेले, त्या गेटकडे त्यांनी त्या दिवशी पाहिलं की नाही ते मला आठवत नाही. मी समोरच्या रिक्षाकडे बघत होते.

२०१६ च्या भाद्रपदात ते गेले. त्याच सुमाराला द्रुतगती महामार्गावर मेट्रोच्या कामाचे पत्रे लागले. २०२२ च्या एप्रिलमध्ये आमच्या डोक्यावरून मेट्रो सुरू होईपर्यंतची सगळी वर्षं माझी गाडी त्या पत्र्यांच्या कडेनं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगली. आता मी शाळेत मेट्रोनंच जाते. गाडी महिन्यातून एखाद्या रविवारी निघते, खानिवड्यापर्यंत जाते, परत येते. त्या येण्याजाण्यात दुसरा आवाज एकूण किती वेळ लागतो, हे मी एकदा वर्गातल्या स्टॉपवॉचवर मोजलं : दोन्ही वेळा मिळून अकरा सेकंद. त्या अकरा सेकंदांसाठी ऑइल, जाळी, बेल्ट, भिशी, तंबाखू. कुणी हिशेब विचारला तर मी गणिताची शिक्षिका आहे हे सांगत नाही.

जपानी कंपन्यांनीही एक चमत्कारिक गोष्ट केली होती. १९८९ पासून त्यांच्यात अलिखित समजूत होती, की आपल्या देशात विकायच्या कुठल्याही मोटारीची ताकद २८० अश्वशक्तीच्या वर जाहीर करायची नाही. ती २००४ पर्यंत पाळली गेली, निदान कागदावर. इंजिनं त्याहून दांडगी होत गेली, आणि माहितीपत्रकात तोच २८० चा आकडा. हे वाचलं तेव्हा मला आमच्या चाळीतली एक मावशी आठवली. ती आयुष्यभर कोरसमध्ये आरती म्हणायची, आणि एका गणपतीत दिवे गेल्यावर, अंधारात, कुणाचं लक्ष नाही असं समजून तिनं एकटीनं एक तान घेतली. दिवे आले तेव्हा ती पुन्हा टाळ्याच वाजवत होती.

सरकारला मात्र हे राखून ठेवणं पसंत नाही. पंधरा वर्षं झाली की नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करायची. २०२२ पासून त्याची फी ६०० वरून थेट ५,००० झाली, वर पर्यावरण कर. वीस वर्षांपुढच्या मोटारींना २०२५ च्या ऑगस्टपासून १०,०००. मला ते २०२७ मध्ये भरायचे आहेत. बाहेरून आणलेल्या गाडीला तर ८०,०००. तेव्हा माझी नोएडात जन्मली हे बरंच झालं. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या रबरांना ते मानवेलच असं नाही, म्हणून काकांनी पेट्रोलच्या नळ्या बदलून घेतल्या. ‘ताई, ही किती वर्सां ठेवची?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुमचं गॅरेज आहे तोवर. ते नदीकडे बघत राहिले. रस्तारुंदीची रेघ त्यांच्या भिंतीवर मारून गेलेत.

भाच्यानं पिवळी घेतली. पत्रिका जुळली, डब्ल्यू२ मागच्या डाव्या चाकाच्या वर होता, तेवढी लाट मी चालवून घ्यायला सांगितली. पहिल्याच रविवारी त्याचा फोन. व्हिडिओ लावू म्हणाला, मी म्हटलं नको, नुसता आवाज. बोनेट उघड, फोन आत धर, मग सुरू कर.

सुरू झाली. पहिले दोन सेकंद एक बारीक खुळखुळ, डब्यात खडीसाखर हलवल्यासारखी, मग ती विरघळली. या इंजिनात टायमिंग बेल्ट नसतो, साखळी असते. रात्रभर खाली उतरलेलं ऑइल वर येईतो ती सैल वाजते.

‘ऑइल कधी बघितलंस?’

‘आधीच्या मालकानं केलंय म्हणाला.’

‘तू कधी बघितलंस?’

तो गप्प. बंद करून, पाच मिनिटं थांबून, काडी पुसून पुन्हा बुडवून त्यानं बघितलं. खालच्या खुणेच्याही खाली. मग डिकीतून डबा काढून ओतलं. मी इकडे चहा ठेवला. गॅलरीच्या कठड्यावर बाबांचा स्क्रू ड्रायव्हर होता, मी कुंडीतली माती त्यानंच उकरते. तो हातात घेतला आणि भाच्याला विचारलं, तुझ्याकडे लांब दांड्याचा आहे का. होता. पट्ट्यांपासून, पंख्यापासून लांब राहा म्हटलं, वरच्या बाजूला पेट्रोलच्या नळीखाली चार छोट्या तोट्या दिसतील, त्यातल्या एकीला टोक टेकव. मूठ कानाच्या मागच्या हाडाला. डोळे मीट. बोलू नकोस.

बराच वेळ तिकडून नुसता श्वास येत होता. माझ्या फोनमध्ये इंजिनाची दूरची घरघर, खाली आमच्या गेटवर कुणीतरी टॅक्सीला हॉर्न वाजवायला लावत होतं.

‘आत्या,’ तो हळूच म्हणाला, ‘आत पाऊस पडतोय.’